तुळशीचं बी ओळखायचं कसं?

चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून 'तुळस' असं लिहिलेलं दहा रुपयांचं पाकीट आणलं आणि वृंदावनात पेरलं. रोपं भराभर वाढली, खरं तर तुळशीच्या मानानं जरा जास्तच भराभर. पानं गुळगुळीत आणि चकचकीत, खोडावर लव नावाला. श्रावणात पांढऱ्या फुलांचे लांबलचक तुरे आले, तरी माझी ट्यूब पेटली नाही. शेवटी शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर सब्जा! याची कसली पूजा करतेस, फालुद्यात घाल."

विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता. पाकीट तळहातावर ओतलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. बी काळंभोर होतं, चांगलं ठसठशीत होतं. तुळशीचं बी तसं नसतं. मी फक्त पाकिटावरचं नाव वाचलं, आत काय आहे ते पाहिलं नाही. त्यानंतर मात्र भिंग, पट्टी आणि पाण्याची वाटी घेऊन बसायचं वेडच लागलं. त्यातून जे हाती आलं ते हे.

नावांचा गुंता

घोळाची सुरुवात भाषांतरात होते. इंग्रजीत तुळशीच्या सगळ्या गोतावळ्याला 'बेसिल' म्हणून मोकळे होतात. सब्ज्याच्या पाकिटावर 'बेसिल सीड्स' छापलं जातं आणि कुणीतरी त्याचं मराठी 'तुळशीच्या बिया' असं करून टाकतं. मग उन्हाळ्यात लोक 'तुळशीचं बी' म्हणून सरबतात घालून पितात तो असतो सब्जा. आणि अंगणात पेरायला वाण्याकडून 'तुळशीचं बी' आणतात, तोही सब्जाच.

या दोघी बहिणी आहेत खऱ्या, पण चुलत. आपली तुळस म्हणजे 'ऑसिमम टेन्यूइफ्लोरम' आणि सब्जा म्हणजे 'ऑसिमम बॅसिलिकम'. ही दोन्ही नावं कार्ल लिनियसनं १७५३ साली दिली. पुढे १७६७ मध्ये त्यानंच तुळशीला 'ऑसिमम सँक्टम', म्हणजे पवित्र, असं आणखी एक नाव दिलं. जुन्या मराठी पुस्तकांत तेच सापडतं. पण वनस्पतींच्या नावांत आधी आलेलं नाव चालतं, म्हणून आता 'टेन्यूइफ्लोरम', म्हणजे नाजूक फुलांची. पावित्र्य गेलं, पण ओळखायला हे नाव जास्त कामाचं आहे.

सब्जाही आपल्याकडे नवखा नाही. फुलवाल्यांकडे दवणा-मरव्याच्या शेजारी त्याच्या जुड्या असतात, दर्ग्यावर फुलांबरोबर तो वाहतात, आणि त्याचं बी मुंबईच्या फालुद्यात तळाशी जाऊन बसलेलं असतं. गुजराती दुकानात तेच 'तकमरिया' म्हणून मिळतं.

याच्याही पलीकडे गोंधळ आहेच. 'रामतुळस' म्हणजे बहुतेक घरांत हिरव्या पानांची नेहमीची तुळस. पण काही ठिकाणी पुरुषभर उंच वाढणाऱ्या, लवंगेसारख्या उग्र वासाच्या 'ऑसिमम ग्रॅटिसिमम'लाही रामतुळसच म्हणतात, आणखी कुठे तिला रानतुळस म्हणतात. 'कापूर तुळस' म्हणजे आपल्याकडे पूर्व आफ्रिकेतून आलेली, पानांना कापराचा वास असणारी 'ऑसिमम किलिमँडशारिकम'. अमेरिकेत मात्र 'कपूर तुलसी' या नावानं जे बी विकतात ते बहुतेक वेळा 'ऑसिमम आफ्रिकॅनम'चं असतं. थंड हवेत ते लवकर फुलतं, म्हणून तिथल्या बागवाल्यांचं लाडकं. न्यू जर्सीत तुळशीच्या लग्नासाठी कुंडी सजवणाऱ्या मराठी घरांतली कितीतरी झाडं या तिसऱ्याच चुलत बहिणीची असतील. देवाची त्याला हरकत नसावी. पण नाव वाचून काही ठरत नाही, एवढं यातून नक्की.

बी म्हणतो ते खरं तर फळ

तुळशीची मंजिरी जवळून पाहा. फुलं दांडीवर टप्प्याटप्प्यानं, वळसे घेत लागलेली असतात. एका वळशात साधारण सहा फुलं, समोरासमोर तीन-तीन. फूल गळून पडलं तरी त्याच्या बुडाशी असलेलं हिरवं टोपण गळत नाही. ते वाळतं, तपकिरी होतं आणि आत चार इवलीशी कठीण फळं सांभाळत राहतं. प्रत्येक फळात एकच बी. फळाची साल बियाला इतकी घट्ट चिकटलेली असते, की आपण त्या अख्ख्या दाण्यालाच बी म्हणतो. या लेखातही तसंच म्हणणार आहे. पुढे पाण्याच्या परीक्षेत फुगते ती मात्र ही फळाची साल, हे लक्षात असू द्या.

चार हा आकडा तुळशीच्या सगळ्या कुळाचा आहे. पुदिना, ओवा म्हणून कुंडीत लावतो तो पानओवा, सब्जा, चिया, सगळ्यांच्या टोपणात चारच जागा. त्या चारही भरतातच असं नाही. टोपण नखावर उलटं करून झटकलं तर बहुधा दोन-तीन दाणे टणक निघतात आणि उरलेले फिकट, चपटे, फोल.

आधी टोपण बघा

हाताशी नुसतं बी नसून वाळलेली मंजिरी असेल, तर निम्मं काम टोपणच करतं. तुळस आणि सब्जा दोघींच्या टोपणाला दोन ओठ असतात. वरचा रुंद, गोलसर, सुपासारखा जरा वर उचललेला. खालच्या ओठाला चार दात, त्यांतले मधले दोन सुईसारखे लांब. साच्यात फरक नाही, फरक मापात आहे. तुळशीचं वाळलेलं टोपण तीन-चार मिलिमीटरचं, म्हणजे तांदळाच्या कणीएवढं. सब्ज्याचं चांगलं सात-आठ मिलिमीटरपर्यंत जातं आणि मंजिरी दुरूनही भरड, झुबकेदार दिसते.

उंच वाढणाऱ्या त्या ग्रॅटिसिममची गंमत वेगळी. तिच्या टोपणाचे खालचे मधले दात वर वळून वरच्या ओठाला टेकतात, त्यामुळे टोपणाचं तोंड मिटलेलं असतं. तुळशीची आणि सब्ज्याची टोपणं 'आ' करून असतात, ही ओठ मिटून. एकदा पाहिलं की पुन्हा भिंग लागत नाही.

रंग, माप आणि पट्टीची युक्ती

आता नुसतं बी समोर आहे असं धरू. पांढरा कागद घ्या, उजेड खिडकीतला घ्या. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि काळा यांतला फरक बुडतो, आणि इथे तर सगळा खटला त्याच फरकावर उभा आहे.

तुळशीचं बी तपकिरी असतं. कधी विटकरीकडे झुकणारं, कधी खारकेच्या रंगाचं, आणि भिंगातून पाहिलं तर त्यावर बारीक गडद ठिपके दिसतात. आकार अंड्यासारखा, पण आखूड, जवळजवळ गोलच. लांबी साधारण एक मिलिमीटर, रुंदी त्याहून थोडी कमी. खसखशीला तपकिरी रंग दिला तर जे दिसेल, जवळपास तसं. कागद जरा तिरका केला की ते घरंगळत जातं, आणि श्वास जोरात सोडला तर उडून जातं. पहिल्यांदा बसले तेव्हा माझं निम्मं बी असंच टेबलाखाली गेलं.

सब्ज्याचं बी काळं आणि मंद, चमक नसलेलं. लांबी दोन ते अडीच मिलिमीटर, रुंदी एकच्या आसपास. एक टोक निमुळतं, त्यामुळे थेंबासारखं दिसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात ते, डोळ्याला लावलं तर पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात आणि बुडाशी एक लहानसा पांढरट डाग. तो डाग म्हणजे बी टोपणाला जिथे चिकटलेलं होतं ती जागा, बियाची बेंबीच म्हणा.

एक मिलिमीटर आणि दोन मिलिमीटर हे डोळ्यांनी सांगता येत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात, आणि ती खरी आहे. त्यावर सोपी युक्ती आहे. दहा दाणे एकापुढे एक टोकाला टोक लावून ओळीत मांडा आणि शाळेची पट्टी लावा. तुळशीच्या दहा दाण्यांची ओळ एक सेंटिमीटरच्या आसपास संपते. सब्ज्याची दोन सेंटिमीटर ओलांडते. दाणे हलवायला टाचणीचं टोक किंचित ओलं करून घ्या. फार ओलं झालं तर सब्जा टाचणीलाच चिकटून बसेल, आणि मग तुम्हाला उत्तर वेळेआधीच मिळालं असं समजा.

वजनातही तोच हिशेब. सब्ज्याचे दाणे ग्रॅमला सहा-सातशे भरतात. तुळशीचे त्याच ग्रॅममध्ये कितीतरी जास्त मावतात. म्हणूनच तुळशीची शेती करणारे एका हेक्टरच्या रोपवाटिकेला फक्त २०० ते ३०० ग्रॅम बी घेतात आणि तेही वाळूत मिसळून फेकतात, नाहीतर एका जागी ढीग आणि शेजारी रिकामं.

रंगाबद्दल एक सावधगिरी. कच्चं बी कुणाचंही फिकट असतं. सब्ज्याची मंजिरी हिरवी असताना खुडली तर दाणे तपकिरी निघतात आणि नवखा माणूस त्यांना तुळशीचे समजतो. उलट, ओलसर डबीत बुरशी धरलेलं तुळशीचं बी काळवंडतं. तेव्हा एका दाण्यावर निकाल देऊ नका. चिमूटभर घ्या, आणि त्यातले नखानं न दबणारे, भरलेले दाणेच पाहा.

पाण्याची परीक्षा

रंग फसवेल, माप थोडं मागेपुढे होईल, पण पाणी सहसा फसवत नाही. यासाठी दोन पांढऱ्या बशा, साधं पाणी आणि दहा मिनिटं लागतात.

मी एका बशीत तुळशीचे वीस दाणे टाकले, दुसरीत सब्ज्याचे वीस, आणि घड्याळ लावलं. सब्ज्याच्या बशीत पहिल्या मिनिटातच हालचाल सुरू झाली. प्रत्येक काळ्या दाण्याभोवती धुरकट, निळसर पांढरी कड उमटली, थंडीत ओठांतून वाफ निघावी तशी. पाचव्या मिनिटाला ती कड गरगरीत झाली आणि दाणे एकमेकांना ढकलू लागले. दहाव्या मिनिटाला बशीत बेडकाच्या अंड्यांसारखे पारदर्शक गोळे होते आणि प्रत्येकाच्या पोटात एक काळा ठिपका. बोटानं उचलायला गेलं की निसटतात.

तुळशीच्या बशीकडे पाहून वाटलं, इथे काहीच झालं नाही. बरेच दाणे तर अजून पाण्यावरच तरंगत होते. काडीनं बुडवले, पुन्हा थांबले. दहा मिनिटांनी भिंग लावलं तेव्हा दाण्यांभोवती एक पातळ, काचेसारखी साय दिसली. बोटाला जरा बुळबुळीत लागली. बस्स, एवढंच. तपकिरी रंग तसाच दिसत होता, दाणा दाण्यासारखाच होता, गोळा झाला नव्हता.

असं का होतं, तर सब्ज्याच्या सालीच्या बाहेरच्या पेशींत लांब साखळ्यांची साखरेच्या जातीची द्रव्यं, ग्लुकोमॅनन आणि झायलन, खच्चून भरलेली असतात. पाणी लागताच ती स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट पाणी ओढून घेतात, पेशी फुटतात आणि बुळबुळीत थर बाहेर येतो. झाडाला याचा उपयोग उघड आहे. पहिल्या पावसाच्या सरीत बी ओल्या मातीला चिकटतं, वाहून जात नाही, आणि रुजेपर्यंत स्वतःभोवती पाणी धरून ठेवतं. तुळशीच्या सालीतही हे द्रव्य आहे, पण थोडं.

इथे तीन गैरसमज मोडायला हवेत, कारण तिन्ही मी स्वतः पाळलेले आहेत.

पहिला, फुगलं म्हणजे बी जिवंत. अजिबात नाही. फुगणं हे सालीचं काम आहे, आतल्या कोंबाचं नाही. दहा वर्षांचं मेलेलं सब्ज्याचं बीही सुरेख फुगतं. उगवण पाहायची असेल तर ओल्या कागदावर आठवडा-पंधरवडा वाट पाहण्याला पर्याय नाही.

दुसरा, पाण्यावर तरंगतं ते फोल. मोठ्या बियांना हा नियम लागू पडतो. तुळशीचा दाणा इतका हलका असतो की भरलेला असूनही पाण्याच्या पृष्ठभागावर बसून राहतो. आधी बुडवा, मग ठरवा.

तिसरा, सब्ज्याचं बी कोरडंच तोंडात टाकलं तरी पोटात जाऊन फुगेल, बिघडलं काय? बिघडतं. पोटात पोचण्याआधी घशातच फुगायला लागलं तर ते अडकू शकतं. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर कोरडा सब्जा देऊच नये. पूर्ण भिजवून, गोळे झाल्यावरच द्यायचा.

चिया आणि अळीव

किराणा दुकानात सब्ज्याच्या शेजारी चिया असतो आणि भावात बराच फरक असतो, म्हणून ही ओळख खिशालाही उपयोगी. चिया हा 'साल्व्हिया हिस्पॅनिका', मेक्सिको आणि ग्वाटेमालाचा. कुळ तुळशीचंच. दाणा लंबगोल, दोन्ही बाजूंनी सारखा गोलाई घेतलेला, गुळगुळीत आणि चकाकणारा. मुख्य म्हणजे एकरंगी नसतो. राखाडी, तपकिरी, काळ्या रेषांची नक्षी, लाव्याच्या अंड्यासारखी. आणि मुठीत चार-दोन पांढरे दाणेही निघतात. सब्जा सगळा एकसारखा काळा. पाण्यात चिया सावकाश फुगतो, त्याचे सुटे गोळे दिसत नाहीत, सगळा मिळून खिरीसारखा घट्ट होतो.

अळीव मराठी घरात ओळखायला शिकवावा लागत नाही. बाळंतिणीच्या लाडवांनी ते काम केलेलं आहे. तांबूस, होडीच्या आकाराचा दाणा, तुळशीच्या बियापेक्षा लांब. तो मोहरीच्या कुळातला. तोही पाण्यात फुगतो, म्हणजे फुगणं ही काही तुळशीच्या घराण्याची मिरास नाही. कांद्याचं बी आणि कलौंजी काळी असतात खरी, पण कोनदार, सुरकुतलेली, आणि पाण्यात ढिम्म राहतात.

माळावरची ती उग्र बाई

पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर, कंबरभर उंचीची एक वनस्पती माजते. फुलं निळसर जांभळी, आणि नुसतं अंग घासलं तरी डोकं उठवणारा दर्प. लोक तिलाही जंगली तुळस म्हणतात आणि काही जण तिचं बी हौसेनं गोळा करतात. ही मूळची उष्ण अमेरिकेतली, 'हिप्टिस' या नावानं जास्त ओळखली जाणारी. आता शास्त्रज्ञ तिला 'मेसोस्फेरम' म्हणतात. तुळशीशी नातं कुळापुरतंच.

तिचं टोपण पाहिलं की शंका उरत नाही. दोन ओठ नाहीतच; उभ्या शिरांची नळी आणि तोंडाशी पाच टोकदार काटे. आत चारांपैकी बहुधा दोनच बिया भरतात. बी तीन-चार मिलिमीटरचं, चपटं, गडद तपकिरी आणि एका टोकाला मधोमध खाच. हेही पाण्यात भरपूर फुगतं, म्हणून नुसत्या पाण्याच्या परीक्षेवर ते सब्जा म्हणून खपून जाऊ शकतं. चपटेपणा आणि ती खाच पाहायला विसरू नका.

बी जिथे गप्प बसतं

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: बी पाहून कृष्णतुळस आणि हिरवी तुळस वेगळी सांगता येते का?

नाही. दोन्ही एकाच जातीच्या आहेत. पानाच्या, खोडाच्या रंगाचा फरक बियाच्या सालीवर भरवशानं उतरत नाही. कुणी 'कृष्णतुळशीचं बी जास्त गडद असतं' असं सांगितलं, तर त्या एका मुठीपुरतं ते खरं असेलही, नियम म्हणून धरू नका. शिवाय दोन्ही झाडं शेजारी असतील तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. काळ्या तुळशीखाली वेचलेल्या बियातून हिरवी रोपं आली तर बी बदललं असं समजू नका, मधमाश्यांना विचारा.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं तर बियाची ओळख आणखी तोकडी पडते. लखनौच्या 'सीमॅप' या सरकारी संशोधन संस्थेनं तुळशीचे 'सिम-आयु' आणि जांभळट 'सिम-अंगना' असे वाण दिले आहेत. त्याच संस्थेचा 'सिम-सौम्या' मात्र सब्ज्याच्या जातीचा. आयु आणि सौम्या यांचं बी वर सांगितलेल्या खुणांनी सहज वेगळं काढता येतं. आयु आणि अंगना यांचं नाही. तेलासाठी लागवड करायची असेल तर डोळ्यांवर विसंबू नये, बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावं. तुळशीच्या तेलाला किंमत येते ती युजेनॉलमुळे, लवंगेतलं तेच द्रव्य, आणि ते बियाच्या रंगावरून कळत नाही.

जिथे बी बोलत नाही तिथे रोप बोलतं, थोडा धीर धरला तर. सब्ज्याची पहिली दोन दलं ठळक, जाडसर येतात. तुळशीची इतकी बारीक की कुंडीत हिरवी धूळ पडल्यासारखी वाटते. चौथ्या-पाचव्या पानापर्यंत तुळशीच्या खोडावर बारीक लव स्पष्ट दिसते आणि पानाच्या कडा दातेरी होतात. सब्जा गुळगुळीत राहतो. आणि पान चुरगळल्यावर काकूंनी केलं ते करायचं, हुंगायचं.

बी धरायचं कसं

विकतचं बी ओळखण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ते विकत न घेणं. ओळखीच्या झाडाची एक मंजिरी पुढच्या दहा कुंड्यांना पुरते.

मंजिरी खालून वर पिकत जाते. खालचे वळसे तपकिरी झाले तरी शेंड्याला फुलं असतात. अख्खी वाळायची वाट पाहिली तर खालचं बी गळून मुंग्यांच्या आणि चिमण्यांच्या हवाली होतं. लवकर खुडली तर वरचं कच्चं राहतं. दोन-तृतीयांश मंजिरी वाळली की सकाळचं दव उडाल्यावर खुडावी. कागदाच्या पिशवीत उलटी टांगून सावलीत आठ-दहा दिवस ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटतो.

मग तळहातांत हलकेच चोळायची. टोपणांचा चुरा आणि बी एकत्र पडतं. पिठाच्या चाळणीतून बी खाली जातं, मोठा चुरा वर राहतो. बारीक तूस उरतं, त्यासाठी ताटली तिरकी धरून बोटानं टकटक करायची. गोल दाणे घरंगळत खाली येतात, तूस जागेवर थांबतं. फुंकर मारू नये. का ते वर सांगितलंच आहे.

पेरताना बी मातीत पुरू नका. ओल्या मातीवर भुरभुरवा, वर चाळलेल्या मातीचा नुसता पापुद्रा, आणि पाणी झारीनंही नाही तर हातानं शिंपडून. उबदार हवेत आठवडा ते दोन आठवड्यांत हिरवी धूळ दिसू लागते.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेव्हा मंजिऱ्या नेमक्या भरात असतात आणि नंतर महिनाभरात वाळतात. यंदा त्यांतल्या चार खुडून कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर तीन गोष्टी लिहा: कुणाच्या अंगणातली, कुठल्या रंगाच्या पानांची, कुठल्या महिन्यात खुडलेली. पुढच्या ज्येष्ठात कुणी 'तुळशीचं बी आहे का' असं विचारलं तर ती पुडी द्या, आणि देण्याआधी दहा दाणे पट्टीवर मांडून दाखवा.